माहेरचा टिंगमो

थंडीची पहिली झुळूक आली की आमच्या नागपुरात दोन जिनसांची आवक सुरू होते. एक संत्री आणि दुसरी स्वेटरे. संत्र्यांविषयी नागपूरकर स्वतःच इतके बोलतात की माझ्यासारख्या पुण्याच्या माहेरवाशिणीने त्यात भर घालण्याचे कारण नाही. स्वेटरांविषयी मात्र थोडे बोलायला हवे, कारण आज ज्या पदार्थाची गोष्ट सांगायची आहे तो स्वेटरांच्या वाटेनेच आमच्या स्वयंपाकघरात शिरला.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या घराजवळच्या मैदानावर बांबूचे आणि ताडपत्रीचे गाळे उभे राहतात. गाळ्यांतून रंगीबेरंगी लोकरीचे ढीग, आणि ढिगांमागे पायघोळ झगे घातलेल्या, कमरेला आडव्या पट्ट्यांचे रंगीत वस्त्र बांधलेल्या बाया. दोन टाक्यांची सुई त्यांच्या हातात असतेच असते. सारे नागपूर त्यांना 'नेपाळी' म्हणते. मीही म्हणत असे. एक-दोन नव्हे, चांगली बारा वर्षे. दर वर्षी मोडक्या हिंदीत घासाघीस करायची, चिरंजीवांना एक आणि ह्यांना एक स्वेटर घ्यायचे आणि पुढल्या हिवाळ्यापर्यंत त्या बायांना विसरून जायचे, असा आमचा शिरस्ता होता.

तीन वर्षांपूर्वी अशीच एका गाळ्यावर उभी होते. स्वेटर मनात भरले होते, किंमत भरत नव्हती. मी ह्यांच्याकडे वळून मराठीत म्हटले, "चला पुढे. ही बाई शंभर रुपये जास्त सांगतेय." आपली भाषा समोरच्याला कळत नाही या भरवशावर माणूस किती निर्धास्त बोलतो!

"शंभर नाही जी बाई, पन्नासच जास्त सांगतले," त्या बाईंनी टाका न चुकवता उत्तर दिले. "अन् मघाशी तुमी नेपाळी म्हनले, तं आमी नेपाळी नाही. आमी तिबेटी. गाव म्हनाल तं गोंदिया जिल्ह्यात. अर्जुनी मोरगावापाशी."

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्द नेमका वापरावा, असे वर्गात वर्षातून निदान पन्नास वेळा सांगते. बारा वर्षे एका समाजाला दुसऱ्याच देशाचे नाव देत आले, आणि ती चूक मला दुरुस्त करून मिळाली ती मराठीतूनच. ह्यांनी न बोलता शंभर रुपये जास्त देऊन टाकले.

मग घरी येऊन थोडे वाचले, थोडे विचारले. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो निर्वासित. त्यांच्या वसाहती कर्नाटकात, हिमाचलात आणि इतरत्र वसल्या, हे ऐकून होते. पण महाराष्ट्रातही एक आहे, १९७२ साली वसलेली, नोरग्येलिंग नावाची, गोठणगाव-प्रतापगडच्या रानाच्या कुशीत, हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. तिथली मंडळी भातशेती करतात, आणि शेतीने वर्ष निघत नाही म्हणून हिवाळ्यात स्वेटरे विकतात. माल बहुतेक लुधियानाचा, आणि तोही उधारीवर. हिवाळा कोमट गेला की उधारी अंगावर येते. आम्ही पन्नास रुपये कमी करून घेतले म्हणून घरी येऊन पाठ थोपटून घेतो, ते पन्नास कुठून जातात हे एकदा कळल्यावर पुन्हा तसे थोपटवत नाही.

त्या बाईंशी माझी ओळख वाढली. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, जन्म वसाहतीतलाच. त्यांना काय म्हणायचे, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "अच्चा-ला म्हना." अच्चा म्हणजे थोरली बहीण, आपल्या अक्काची आठवण करून देणारा शब्द. 'ला' हे आदराचे शेपूट, आपल्या 'जी'सारखे. आता हे 'ला' मराठीत आले की काय गोंधळ उडतो पाहा. मी घरी म्हणाले, "आज अच्चा-ला भेटल्या." चिरंजीव म्हणाले, "अच्चाला कोण भेटल्या?" शेवटी आम्ही नुसत्या 'अच्चा'वर तडजोड केली. आदर क्रियापदाच्या बहुवचनात ठेवला.

एका दुपारी मी गाळ्यावर गेले तेव्हा त्या डबा उघडून बसल्या होत्या. डब्यात बटाट्याची लालभडक भाजी, तितकीच लाल एक चटणी, आणि शेजारी पांढरेशुभ्र काहीतरी. विदर्भात राहून मला त्याला एकच उपमा सुचली: फुटलेले कापसाचे बोंड. पाकळ्या उलगडलेल्या, आत पदरावर पदर, आणि बोटाने दाबले की खळगा पडून पुन्हा भरून येणारा. पाव म्हणावे तर वरची तांबूस साल नाही. इडली म्हणावी तर पदर कसे? "टिंगमो," अच्चा म्हणाल्या आणि त्यातला निम्मा माझ्या हातावर ठेवला.

त्याला स्वतःची चव फारशी नसते, हे आधीच सांगून ठेवते. किंचित गोडसर, किंचित आंबूस, वाफेच्या वासाचा. पण भाजीच्या रश्शात बुडवला की तो रस्सा असा पिऊन घेतो, आणि तरीही बोटात तुटत नाही, की आपल्या पोळीला थोडी असूया वाटावी. बाजारात मिळणारे मोमो आता पोराबाळांना पाठ झाले आहेत. हा टिंगमो त्यांचाच थोरला, साधा, पोटात काहीही न लपवणारा भाऊ. चीनमध्ये याच जातीच्या वाफवलेल्या पावाला मान्तोऊ म्हणतात, आणि पदर सोडून गुंडाळला की त्याला फुलाची गुंडाळी अशा अर्थाचे नाव आहे. कोरियातला मान्दू, जपानातला मांजू, तुर्कस्तानातला मांती हे शब्दही मान्तोऊच्याच कुळातले मानले जातात. पदार्थ निरनिराळे, कुणात सारण, कुणात नाही. पण नाव मात्र आशियाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकलेले. शब्दांचा हा प्रवास माझ्या आवडीचा विषय, पण संपादकांनी जागा मोजून दिली आहे.

"मला शिकवाल?" मी विचारले.

"यात काय शिकाचं? पीठ, पानी," अच्चा म्हणाल्या.

मी ते शब्दशः घेतले आणि येत्या रविवारी स्वतःच्या बळावर घाट घातला. मैदा, पाणी, साखर, आणि दुकानातून आणलेली कोरड्या यीस्टची पुडी. थंडीचे दिवस, म्हणून मी पाणी चांगले कढत घेतले. यीस्ट ही भुकटी दिसत असली तरी ती निजलेली जिवंत सृष्टी आहे, हे मी शाळेत वाचले होते. ज्या १८५७ साली इकडे बंडाचा वणवा पेटला होता, त्याच साली तिकडे फ्रान्समध्ये लुई पाश्चर हा आंबवण्याच्या क्रियेमागे सूक्ष्म जीव असतात हे दाखवून देत होता. पण वाचलेले वेळेवर आठवेल तर ते वाचन कसले! या जिवांना पंचवीस ते पस्तीस अंशांची ऊब मानवते. साठ अंशांच्या आसपास ते मरतात. माझ्या कढत पाण्याने त्यांचा पहिल्या मिनिटातच निकाल लावला. दोन तासांनी पीठ होते तिथेच होते, आणि मी ते तशाच श्रद्धेने वळून वाफवले.

चिरंजीवांनी एक उचलून माझ्या तपासायच्या उत्तरपत्रिकांवर ठेवला आणि म्हणाले, "वाऱ्यानं उडणार नाहीत आता." हे नेहमीप्रमाणे सभ्य, त्यांनी एक पूर्ण खाल्ला आणि दुपारभर फारसे बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र ताटाकडे पाहून शांतपणे निर्णय दिला, "म्हणूनच बेकरीवाले पायानं तुडवतात."

इथे सासूबाईंची आणि पावाची गोष्ट सांगायला हवी. त्यांनी आयुष्यात पाव खाल्लेला नाही. पाव पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही समजूत त्यांच्या पिढीत पक्की होती. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले होते की हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पांव'वरून आला, त्याचा पायाशी काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "असेल." त्या 'असेल'पुढे भाषाशास्त्राचे काही चालत नाही. आणि त्यांना हसण्यातही अर्थ नाही. १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली, तेव्हा तिच्या गुप्त बैठकीत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण होती. त्या सभेचे एक संस्थापक दादोबा पांडुरंग. ज्यांचे १८३६ सालचे व्याकरण हा आम्हा मराठी शिकवणाऱ्यांचा मूळपुरुष, त्या माणसाने पावाच्या तुकड्याला एवढा मान दिला होता. एका तुकड्यासाठी माणसे वाळीत पडत, तो काळ सासूबाईंच्या आजीने ऐकलेला असणार. तेव्हा त्यांचे 'असेल' हे माझ्या व्युत्पत्तीपेक्षा बरेच जुने होते.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी अच्चा आमच्या घरी आल्या. गाळा भाचीवर सोपवला होता, आणि पिशवीत चटणीची बाटली होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. ओट्यावर परके माणूस येणार म्हटल्यावर तिथे कुणीतरी असायला हवे, असा त्या बसण्याचा अर्थ होता. तोंडाने मात्र "या" एवढेच म्हणाल्या.

अच्चांनी परात मागितली, मैदा चाळला आणि नळाखाली हात धरून म्हणाल्या, "बाई, पानी लई गार हाये. जरासं कोमट द्या. बोट बुडवलं तं चटका नाही बसला पायजे."

खुर्ची करकरली. "कोण्या गावची गं तू?" सासूबाईंनी विचारले.

"गोठनगाव. प्रतापगडापाशी."

यानंतर जे झाले ते मी नुसते पाहत होते. सासूबाईंचे माहेर त्याच मुलखातले, अर्जुनी मोरगावपासून तीन-चार कोसांवरचे. त्या लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हा तिबेटी लोक तिथे यायचे होते आणि इटियाडोहचे धरणही व्हायचे होते. पुढे कधी माहेरी गेल्या की धाकटा भाऊ सांगे, रानात लामांची वस्ती झाली, आठवडी बाजाराला येतात, भाव करताना हसतात. त्या हसणाऱ्यांपैकी एकाची लेक आज आमच्या ओट्याशी उभी होती. नवेगावबांधचे तळे निघाले, प्रतापगडची महाशिवरात्रीची जत्रा निघाली, मोह कधी टपकतो ते निघाले. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई आणि रातभर चालणारी दंडार निघाली. अच्चा म्हणाल्या, लहानपणी दंडार पाहायला जात असू, आता मंडईच्या दिवसांतच स्वेटरे घेऊन बाहेर पडावे लागते, किती वर्षांत पाहिली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मीही नाही." आणि मग त्यांनी तळ्याला 'तरा' म्हटले, डोळ्याला 'डोरा', पाण्याला 'पानी'.

मी वीस वर्षे त्यांच्यासोबत राहते आहे. ही भाषा मी त्यांच्या तोंडून फक्त पहिल्या वर्षी ऐकली होती. नवी सून होते, पुण्याची होते, एम.ए. होते. घरी माझ्या महाविद्यालयातली चार माणसे चहाला आली होती आणि सासूबाई म्हणाल्या, "पानी देऊ का?" मी हसत हसत म्हटले, "आई, पाणी. ण, बाणातला." सगळे हसले. त्याही हसल्या. त्यानंतर त्या शुद्ध बोलू लागल्या, आणि मला वाटले, आपल्या घरात राहून त्यांची भाषा सुधारली. झाडीपट्टीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो, ती झाडीबोली आहे, तिला स्वतःचे नियम आहेत, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने तिच्यासाठी उभे आयुष्य वेचले आहे, हे सारे मी दर वर्षी बोलीभाषांच्या तासाला शिकवते. 'अशुद्ध' हा शब्द बोलीला लावू नये, असे फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढते. घरी येऊन ती रेघ मला कधी दिसली नाही. सासूबाई आपली भाषा या घरात वीस वर्षे झाकून ठेवून होत्या, आणि ती बाहेर काढायला एक तिबेटी बाई यावी लागली.

असो. पीठ मळायचे राहिले आहे.

अर्धा किलो मैद्याला अच्चांनी एक मोठा चमचा साखर, अर्धा चमचा मीठ आणि दीड चमचा यीस्ट घेतले. यीस्ट आधी पाव वाटी कोमट पाण्यात साखरेच्या चिमटीबरोबर भिजवले. दहा मिनिटांत त्यावर फेस आला. फेस आला नाही तर पुढे जायचेच नाही, पुडी फेकून द्यायची. माझी पहिली पुडी मी भिजवून पाहिली असती, तर त्या दिवशी अर्धा किलो मैदा तरी वाचला असता. एकंदर पाणी पाव लिटरपेक्षा किंचित अधिक लागले. पुरीच्या कणकेपेक्षा सैल, पोळीच्या कणकेइतके मऊ. मग मळणे. मळणे म्हणजे गोळा होईपर्यंत फिरवणे नव्हे. चांगली दहा-बारा मिनिटे तिंबायचे, तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचे आणि दुमडून मागे घ्यायचे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की एक चिवट जाळे तयार होते, आणि तिंबल्याने त्याचे धागे लांब होतात. यीस्ट साखर खाऊन जो वायू सोडते, तो या जाळ्यात अडकतो म्हणून पीठ फुगते. कणकेतला कोंडा हे धागे तोडतो, म्हणून नुसत्या कणकेचा टिंगमो बसका होतो. निम्मी कणीक मात्र चालते, असा माझा अनुभव आहे. सासूबाई पाहता पाहता म्हणाल्या, "पुरणपोळीची कणीकही अशीच तिंबावी लागते." स्वयंपाकघराची सत्ता त्यांनी त्या क्षणी अच्चांना दिली.

पीठ तेलाचा हात लावून पातेल्यात ठेवले. जानेवारीतले नागपूर, आणि आमचे स्वयंपाकघर उत्तरेला. अच्चांनी इकडेतिकडे पाहिले, अंगातले स्वेटर काढले आणि पातेल्याला घातले. बाह्या पोटावरून गुंडाळून गाठ मारली. विकायचे नव्हे, स्वतःचे, कोपरावर रफू केलेले. ते पाहून सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि आपली पांघरायची गोधडी घेऊन आल्या. सोवळ्याओवळ्याच्या या बाई. निजायची गोधडी आणि खायचे पीठ! मी बोलणार होते, पण त्या वेळी बोलायचा मला फारसा अधिकार उरला नव्हता. दोन तासांनी गोधडी काढली तेव्हा पीठ दुप्पट होऊन झाकणाला टेकले होते. उन्हाळ्यात हेच काम तासाभरात होते; तेव्हा घड्याळाकडे न पाहता पातेल्याकडे पाहावे.

पुढचे काम अळूवडी करणाऱ्या हाताला नवे नाही. पीठ एकदा दाबून त्यातला वायू काढायचा, चौकोनी लाटायचे, अर्ध्या बोटाएवढे जाड. वरून तेल, चिमूटभर मीठ, हवी तर कोथिंबीर किंवा कांद्याची पात. तिबेटी मंडळी त्यावर एक मिरी भुरभुरतात, जिभेला मुंग्या आणणारी; ती कोकणातल्या तिरफळाचीच बहीण आहे. मग उंड्यासारखी घट्ट गुंडाळी करून दोन-दोन बोटांचे तुकडे कापायचे. दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, मधोमध लाटण्याच्या दांड्याने दाबायचे, की दोन्हीकडचे पदर पंख्यासारखे उघडतात. माझे उघडले नाहीत, कारण मी सुरीने कापण्याऐवजी चिरडले होते. सुरी तेलकट आणि धारदार हवी. तयार झालेले टिंगमो पुन्हा वीस मिनिटे झाकून ठेवायचे. हा दुसरा विसावा गाळला तर आत गोळा राहतो.

वाफवायला मोदकपात्र उत्तम. चाळणीला तेल लावा, दोन टिंगमोंमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा, कारण ते आत जाऊन आणखी फुगतात. पाण्याला उकळी आल्यावरच चाळणी ठेवायची. झाकणाला पंचा बांधायचा, नाहीतर झाकणाचे पाणी वर ठिबकून डाग पडतात. पंधरा मिनिटे पुरतात. वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून याला भट्टीतल्या पावासारखी तांबूस साल येत नाही. अच्चांची आई सांगे, तिकडे ल्हासाला याला कितीतरी जास्त वेळ लागे. साहजिक आहे, ल्हासा साडेतीन हजार मीटरांहून उंच, तिथे पाणी सुमारे अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळते. मुळात तिकडे गव्हाची चैन रोजची नसे. रोजचे खाणे त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. ते लोणी घातलेल्या चहात मुठीतच मळायचे आणि खायचे. टिंगमो सणासुदीचा, पाहुण्यांचा. अच्चांनी ल्हासा पाहिलेले नाही. आईने सांगितलेल्या त्या जास्तीच्या मिनिटांवरून त्यांना ते गाव ठाऊक आहे.

पंधरा मिनिटे झाली आणि मी झाकणाला हात घातला. अच्चांनी माझे मनगट धरले. आच बंद केल्यावर झाकण पाच मिनिटे उघडायचे नाही. आतल्या भोकाभोकांतून गरम वाफ असते. एकदम गार हवा लागली की ती आकसते आणि टिंगमो सुरकुतून बसतो. पाच मिनिटांनी झाकण तिरके करायचे, आणखी एका मिनिटाने काढायचे.

पहिला टिंगमो अच्चांनी बशीत घालून सासूबाईंपुढे धरला. मी म्हटले, "आईंना नको, त्या खात नाहीत." सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माझ्या माहेरून आलाय तो." त्यांच्या दाढा गेल्यापासून भाकरी दुधात कुस्करून खातात. त्या दिवशी त्यांनी टिंगमोचे पदर एकेक करून सोडवले, बटाट्याच्या रश्शाला लावले आणि तीन खाल्ले. चटणी मात्र आम्हा कुणालाच झेपली नाही. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते त्यांनी चटणीवर ढकलले. चिरंजीव चौथा घेताना म्हणाले, "आई, तुझे ते आधीचे कुठे आहेत? तुलना करायची होती."

जाताना अच्चा स्वेटर घालत होत्या. लोकरीला पिठाचा वास लागला होता. त्या म्हणाल्या, मुलगा परदेशी गेला, भाचीही जाईल. वसाहतीत आता म्हातारी माणसेच जास्त उरली. आणखी एखादा हिवाळा येईन, मग गुडघे नाही म्हणतात. सासूबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावले, तिळगूळ दिला, आणि "ये गं बाई पुन्हा, मंडईच्या गोष्टी सांगाले" असे म्हणाल्या. मी दारात उभी होते. 'सांगायला' असे माझ्या जिभेवर अजूनही आले, हे कबूल करते.

यंदा गणपतीत मोदकपात्र माळ्यावरून निघाले. मोदक झाले, गणपती गेले, मी ते पुसून ठेवायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, राहू दे, एकदा ते कर. मी पीठ भिजवले, त्यांनी दारातल्या खुर्चीवरून देखरेख केली. गोधडीची गरज नव्हती, पण त्यांनी ती आणलीच. मैदानावर गाळ्यांचे बांबू पडले की मला सांग, हे त्यांनी त्या दुपारी दोनदा सांगितले. आच बंद केली आणि सवयीने माझा हात पुढे गेला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं झाकन उघडू नको. वरून पानी पडते."

मी झाकणावरचा हात काढून घेतला.